थांबलात की पुरं होईल

कपातल्या चहावर साय धरली होती. तपकिरी, सुरकुतलेली, कडेला जरा फाटलेली… आणि तिच्याकडे बघता बघता अंबरीशच्या लक्षात आलं की हा सकाळचा कप नव्हे. सकाळचा हेमांगीने बँकेत जाताना उचलून नेला होता, हा नंतरचा. म्हणजे नानांनी दुसऱ्यांदाही चहा घेतलाच नाही. मागितला तर त्यांनीच होता. ‘च…’ म्हणाले, अंबरीशने ‘चहा?’ म्हटलं, त्यांनी मान हलवली. मग? गार झाला असेल. जानेवारीत ग्वाल्हेरला चहा कपात ओतेपर्यंत गार होतो, त्यात नानांचा एकच हात चालतो, तोही डावा… त्याने कप बेसिनमध्ये नेऊन ठेवला, परत येऊन लॅपटॉपपुढे बसला आणि मघाशी अर्धवट राहिलेली ओळ कुठली ते शोधू लागला.

नाना बाल्कनीच्या दारात, खुर्चीवर. पायांवर रजई, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. ऊन कसलं, धुक्यातून गाळून आलेला नुसता उजेड. पण त्यांना तिथे बसवायचं ठरलं होतं आणि ठरलेल्या गोष्टी या घरात वेळच्या वेळी होत असत. खाली जयेंद्रगंजचा रस्ता जागा झाला होता, ई-रिक्शावाले एकमेकांवर ओरडत होते. नानांना झटका आल्यापासून अंबरीशने आपलं टेबल या खोलीत आणलं होतं. घरबसल्या काम म्हणजे किती बरं, वडिलांकडेही लक्ष राहतं, असं येणारा-जाणारा म्हणायचा, आणि अंबरीश हसून ‘हो ना’ म्हणायचा. लक्ष राहायचं हे खरं होतं. किती आणि कसं, ते कोणी विचारलं नव्हतं.

आपलं काम लोकांना सांगताना त्याची नेहमी पंचाईत व्हायची. तो आणि बंगळुरातली काही माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होती; मोबाइलसाठी नव्हे, पंपघरातल्या, धरणावरच्या, कारखान्यांतल्या लहानलहान यंत्रांसाठी. तिच्यात चित्रं नाहीत, माउस नाही; काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि यंत्राने तो मुकाट पाळायचा. त्यातला अंबरीशचा वाटा इवलासा. टाइप करणाऱ्याने फाइलच्या नावाची पहिली काही अक्षरं लिहिली, की उरलेलं नाव यंत्राने आपणहून पुरं करायचं. बस, एवढंच. एवढ्यावर त्याच्या उमेदीची वर्षं गेली होती, आणि हेमांगीच्या माहेरी अजूनही तो नुसता ‘कंप्यूटरमध्ये’ होता.

आता नाव झटकन पुरं करायचं तर नावं मुळात तशी ठेवलेली हवीत, म्हणून फाइलींना नावं कशी द्यायची याचे नियमही त्यानेच लिहिले होते, आणि त्यांतला पहिला नियम त्याचा लाडका: एका कप्प्यात दोन फाइलींची पहिली तीन अक्षरं सारखी असता कामा नयेत. तीन अक्षरांत ओळख पटली पाहिजे. एकदा हे जमल्यावर त्याने पुढची उडी मारली. इतर ठिकाणी नाव पुरं करायला टॅबचं बटण दाबावं लागतं. इथे तेही नको. तीन अक्षरं लिहून माणूस क्षणभर थांबला, की यंत्राने समजून घ्यायचं. ‘थांबलात की पुरं होईल’ — मदतीच्या पानावर त्याने हे वाक्य इंग्रजीत घातलं होतं, पण त्याला ते सुचलं होतं मराठीत, आंघोळ करताना, आणि तो दिवस चांगला गेला होता.

नानांना हे पटलं नसतं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली, आणि गावाचं नाव कालव्याच्या दोन रेघांत मावत नसेल तर ते अक्षर बारीक करायचे, वळवून लिहायचे, पण नाव तोडायचे नाहीत. घरातही तीच तऱ्हा. अंबरीशच्या धाकट्या बहिणीला सगळी दुनिया सीमा म्हणायची, आईसुद्धा. नाना मात्र हाक मारायचे ती अख्खी, एकेका अक्षराला त्याची जागा देऊन — सीमंतिनी. बोलायचेही तसेच. सावकाश, मध्ये थांबत, पुढचा शब्द निवडून घेत… आणि अंबरीशला लहानपणापासून त्या थांबण्याचा जाच व्हायचा, आणि नानांचं वाक्य तोच संपवून टाकायचा. ‘तर मी काय म्हणत होतो, त्या दिवशी माधवगंजात…’ ‘संभाजीरावांकडे गेला होता.’ ‘हो, पण संभाजीरावांकडे…’ ‘कोणी नव्हतं घरी.’ ‘अरे, मला बोलू दे की जरा. तुला बोलायला पुढे आयुष्य पडलंय.’ असं म्हणून हसायचे. रागवायचे नाहीत. आई म्हणायची, या पोराला बापाचं संपवायची घाई झालीय.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं. शब्दही आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीय. पहिलं अक्षर निघायचं, कधी दोन, आणि मग तोंड उघडंच राहायचं, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. बोलणं शिकवायला नया बाज़ारातून एक मुलगी यायची, ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘अंकल को टाइम दीजिए. शब्द आप मत बोलिए, उनको बोलने दीजिए.’ अंबरीशने मान हलवली होती. आणि पहिले काही दिवस तो खरंच थांबलासुद्धा… पण बघवत नव्हतं. बघवत नव्हतं हेही खरं, आणि कानात मीटिंग चालू असायची हेही खरं. दोन्हींपैकी कुठलं जास्त खरं, याचा हिशेब त्याने कधी केला नाही. तहानलेल्या माणसाने ‘पा’ म्हटलं तर पाणी द्यायचं, की तो ‘णी’ म्हणेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं? मी काय वाईट केलं?

सुरुवातीला चुकायचं. ‘पा…’ ‘पाणी?’ नाना मान आडवी हलवायचे. ‘पांघरूण? पाय दुखतोय?’ डाव्या तळव्याने खुर्चीच्या हातावर चापट मारायचे, पुन्हा तोंड उघडायचे, पुन्हा तेच ‘पा…’. मग हळूहळू जमत गेलं. चापट मारणं कमी झालं, मान उभी हलू लागली, आणि वर्ष सरता सरता अंबरीश जेवताना हेमांगीला सांगू लागला, ‘आता पहिल्या फटक्यात ओळखतो मी. आमचं चांगलं जुळलंय.’ हेमांगी पोळीचा तुकडा मोडत ‘हं’ म्हणायची.

आणि शनिवारी सीमंतिनी येणार होती. पुण्याहून, नानांना घेऊन जायला. कायमचं. हे ठरलं होतं, तिकिटं काढून झाली होती, आणि ठरवलं स्वतः नानांनी, असं सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, कारण अंबरीशने तसं सांगितलं होतं. कोणाला आधी खरंच वाटेना. आजारापूर्वी नाना ग्वाल्हेर सोडायचं नाव काढू देत नसत. पुण्याला लेकीकडे गेले तरी चार दिवसांत परत यायचे आणि म्हणायचे, तिथे सगळेच मराठी, मग आपण मराठी असल्याची गंमत काय राहिली! सीमंतिनीने फोनवर दोनदा विचारलं होतं, ‘दादा, नाना खरंच हो म्हणाले?’ आणि अंबरीश म्हणाला होता, ‘अगं, त्यांनीच काढलं. मी विषयसुद्धा काढला नव्हता.’

ते खोटं नव्हतं. दसरा नुकताच झाला होता, दुपारची वेळ, नाना ‘सी…’ म्हणाले होते. ‘सीमंतिनी?’ मान हलली. मग बऱ्याच वेळाने, फार कष्टाने, ‘…कडे…’ म्हणाले. दुसरा शब्द! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! आणि अंबरीशच्या तोंडून निघून गेलं, ‘सीमंतिनीकडे जायचंय? पुण्याला? जायचंय ना नाना?’ नाना त्याच्याकडे बघत राहिले होते. खूप वेळ. मग त्यांनी मान हलवली, आणि अंबरीश न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला होता, कारण त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. हेमांगीची पाठ गेली होती नानांना उठवून-बसवून. त्याला स्वतःला रात्रभर कान त्यांच्या खोलीकडे लावून झोपायची सवय झाली होती, म्हणजे झोप अशी उरलीच नव्हती. आणि हे कधी संपेल असं तो मनातही म्हणत नसे, कारण ते संपणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं. आता ते न म्हणता संपणार होतं. नानांच्याच इच्छेने.

कानात रुचिकाचा आवाज आला. रुचिका बंगळुरातून सगळ्यांच्या कामाचा मेळ घालायची. वयाने त्याच्याहून बरीच लहान, बोलायला गोड, पण सोडायची नाही.

‘अंबरीश जी, वो शिकायत देखी आपने?’

पाहिली होती. कुठल्याशा पंपघरातला माणूस जुनी, निकामी फाइल पुसायला बसला. तीन अक्षरं लिहिली आणि त्याला शंका आली म्हणून थांबला. पण त्याला हवी ती फाइल कोणीतरी आधीच हलवली होती. तिच्या जागी त्याच अक्षरांची दुसरी एक आली होती, आणि यंत्राने तिचं नाव पुरं करून पुढे ठेवलं. त्याने ते न वाचताच एंटर दाबलं. वर्षभराची पाण्याची मापं गेली. खाली त्याने लिहिलं होतं की मी थांबलो तो विचार करायला थांबलो होतो, मी तुम्हाला काही मागितलं नव्हतं.

‘एंटर तो उसी ने दबाया ना,’ अंबरीश म्हणाला. ‘हमने सिर्फ़ नाम सामने रखा. हाँ तो उसकी थी.’

‘वो तो है… पर लोग पढ़ते कहाँ हैं? जो सामने आया, थक के एंटर मार देते हैं. आप शाम तक बता दीजिए, ऐसे ही रखें या बदलें. कल सबको भेजना है.’

तो उत्तर लिहायला बसला. मुद्दा त्याच्या बाजूचा होता, वाक्यं भराभर येत होती: होकार वापरणाऱ्याचाच असतो, यंत्र त्याच्या वतीने काही ठरवत नाही, नाव नको असेल तर ते खोडायची मुभा त्याला आहेच. शेजारच्या खिडकीत फाइलींची नावं एकाखाली एक उभी होती, आणि तो पुरावा म्हणून एकेक नाव तपासत होता. तेवढ्यात मागून नाना म्हणाले, ‘म…’

‘मॅनिफेस्ट?’ अंबरीश म्हणाला.

पडद्यावर त्या वेळी त्या नावाची फाइल होती, डोळे तिच्यावर होते, तेच तोंडातून निघालं. त्याचं त्यालाच हसू आलं. आणि हसत हसत तो वळला तर नानांनी मान हलवली होती. हो म्हणून. नेहमीची ती हळू, एकदा खाली, एकदा वर.

तो पुन्हा पडद्याकडे वळला. अर्धं वाक्य लिहिलं. मग बोटं थांबली.

‘नाना,’ त्याने खुर्ची मागे सारली. ‘मफलर हवाय?’ मफलर त्यांच्या गळ्यातच होता. नानांनी मान हलवली. ‘मफलर काढायचाय?’ मान हलली. अंबरीश उठून त्यांच्यासमोर गेला, गुडघ्यांवर बसला. ‘नाना, मी कोण? मी खालच्या मजल्यावरचा समरजीत ना?’ हे बोलताना त्याचा आवाज जरा थट्टेचा होता, म्हणजे नाना हसले तर हसण्यावारी नेता आलं असतं. नाना हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, चांगलं ओळखून बघितलं, डोळ्यांत कसलाही गोंधळ नव्हता… आणि मान हलवली. दारावर विमा विकायला आलेल्या माणसाला ते असेच ‘हो, हो, खरंय तुमचं’ म्हणत जिन्यापर्यंत पोचवायचे.

पुढचं विचारायचं नव्हतं. विचारू नकोस, उठ, उत्तर अर्धं राहिलंय, असं तो स्वतःला सांगत असतानाच विचारून बसला.

‘सीमंतिनीकडे जायचंय?’

हो.

‘सीमंतिनीकडे नाही जायचं?’

हो.

त्याच मापाची मान, त्याच लयीत. आणि मग नानांनी डावा हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला, थोपटल्यासारखं केलं, आणि ते रस्त्याकडे बघू लागले. झालं? संपलं? जाऊ दे मग, असं.

किती दिवस? केव्हापासून? तो तिथेच फरशीवर बसला, फरशी बर्फासारखी होती. चापट मारणं थांबलं होतं ते… तो समजला होता की आपण अचूक झालो. प्रत्येक आडव्या मानेनंतर तो नवा शब्द पुढे करायचा, आणखी एक, आणखी एक, त्या म्हाताऱ्या माणसाला दम घ्यायलाही उसंत न देता, आणि केव्हातरी एका दिवशी नानांना कळलं असणार की हो म्हटलं की हा थांबतो. हो म्हटलं की हा वळतो, पाठ करून बसतो, खोली शांत होते. ‘च’पासून चहाखेरीज दुसरं काहीच निघत नसेल का? चष्मा, चादर, चल, चुकलं… दोन-दोन कप गार होऊन बेसिनमध्ये जात होते आणि त्याला वाटत होतं, थंडी फार आहे.

दर रविवारी तो त्यांना गाडीत घालून माधवगंजात फिरवून आणत होता, कारण ते एकदा ‘मा…’ म्हणाले होते. टीव्हीवर तेच तेच कीर्तन लावून देत होता. भात बंद करून दलिया सुरू केला होता. जुन्या मित्रांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, नानांना त्रास होतो, त्यांनीच सांगितलं. त्यांनीच सांगितलं, त्यांनीच सांगितलं… यंत्र तरी काय करतं, कप्प्यात जी नावं असतात त्यांतूनच एक काढून देतं. जे नाव तिथे नाहीच ते त्याला कुठून सुचावं? आणि माझ्या कप्प्यात नानांचे शब्द होते तरी किती? पाणी, चहा, पाय, पांघरूण, लघवी, औषध, टीव्ही. ज्या माणसाने अर्ध्या चंबळ खोऱ्यातली गावं नावानिशी कागदावर मांडली, त्याला मी एवढ्यात बसवला. वर्षभर या खोलीत मी एकटाच बोलत होतो. प्रश्नही माझे, उत्तरंही माझी, आणि आवाज मात्र त्यांचा आहे असं मी जगाला सांगत होतो.

आणि ‘सीमंतिनीकडे…’ हे? ते काय होतं? सीमंतिनीकडे निरोप दे? तिच्याकडे आईचं काही राहिलंय? सीमंतिनीकडे नको? नको म्हणायला माणसाला वाक्याच्या टोकापर्यंत तरी पोचावं लागतं. तिथवर यांना पोचू दिलं कोणी? तो आठवू लागला, त्या दुपारी नाना किती वेळ बघत राहिले होते आपल्याकडे. त्याला वाटलं होतं, संकोच असेल. लेकाला सोडून जायचं म्हणून वाईट वाटत असेल.

संध्याकाळी हेमांगी आली. चपला काढून ती भिंतीला हात टेकून जरा उभी राहिली, पाठ सरळ होईपर्यंत. ‘नानांची पाचची दवाई दिली का?’

‘दिली. हेमांगी… नाना सगळ्यालाच हो म्हणतात.’

ती पर्समधून डबा काढत होती. तिने तो ओट्यावर ठेवला. ‘मला मालूम आहे,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय! तुम्हाला आज कळलं?’ आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. ‘मी विचारते तेव्हा गप्प बसतात, बघत राहतात. तुम्ही विचारलं की हो म्हणतात. मला वाटलं, तुम्हालाही कळत असेल.’

‘मग बोलली का नाहीस? सीमाला मी सांगितलं, त्यांनी स्वतः…’

‘काय बोलू? अहो, हे बघा…’ तिने कमरेवर हात ठेवला, मग खाली घेतला. ‘मला नाही जमत आता. तुम्हालाही जमत नाही, तुम्ही म्हणत नाही इतकंच. तिकिटं झालीत. सीमाताईंनी तिकडे बाई ठरवलीय. आता नका ना काही काढू.’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कुकर लावला. अंबरीशला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. उलट कोणीतरी आपल्यासोबत या खड्ड्यात आहे याचं हलकंसं सुख झालं, आणि त्या सुखाची किळस आली. रुचिकाचा निरोप येऊन पडला होता. त्याने लिहिलं, ‘ऐसे ही रखिए.’ बदलायचं तर सगळंच बदलावं लागलं असतं.

मग सीमंतिनीचा व्हिडिओ कॉल. त्याने फोन नानांपुढे धरला. ‘नाना! शनिवारी येतेय मी. येणार ना माझ्याकडे?’ तिचा चेहरा आनंदाने फुललेला, मागे भिंतीला नुकता दिलेला पिवळा रंग, ‘ही तुमची खोली, बघा, इथून झाड दिसतं.’ नानांनी मान हलवली. ‘बघ दादा, कसे लगेच हो म्हणाले!’ ती रडू लागली. लहानपणी हट्ट पुरवल्यावर रडायची, तशी.

अंबरीशने फोन आपल्याकडे वळवला. ‘सीमा…’ तो म्हणाला. सांगायचं होतं. पहिला शब्द निघाला होता, दुसरा घशात होता, ‘नानांनी…’ आणि तो थांबला, नीट मांडायला, तिला फार लागू नये असं काहीतरी…

‘कळलं रे,’ सीमंतिनी म्हणाली. ‘नानांनी इकडे रुळावं म्हणून काळजी वाटतेय ना तुला? मी आहे. तू आता जरा झोप काढ. हेच ना?’

‘हो,’ अंबरीश म्हणाला.

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात शिट्टी झाली. त्याने बाल्कनीचं दार लावलं, टीव्ही बंद केला, स्टूल ओढून नानांसमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. ‘नाना, शनिवारचं तुम्ही सांगा. मी काही बोलणार नाही. किती का वेळ लागेना.’

नानांनी मान हलवली.

‘मान नको, नाना. बोला.’

नाना त्याच्याकडे बघू लागले. आधी घाबरल्यासारखे, काही चुकलं का आपलं, असे. मग काहीतरी निवळलं. ओठ हलले. ‘सी…’ अंबरीश थांबला. शब्द जिभेच्या टोकावर होता, तो त्याने दातांखाली धरला. नानांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला, मानेची शीर उभी राहिली. ‘सी… मं…’

दुसरं अक्षर! अख्खं नाव घ्यायला निघाले होते. अख्खंच घेणार होते ते, त्यांच्या सवयीप्रमाणे, एकेका अक्षराला जागा देऊन, आणि नावानंतर ‘कडे’ येणार होतं, आणि ‘कडे’नंतर ते, ज्याची वाट बघायची आपण शपथ घेतली. आणि ते ‘नको’ असलं तर? तर पिवळी खोली, तिकिटं, आत रडत भात लावणारी ती बाई, तिची पाठ… तर पुन्हा ही खोली, हा कान, ही न येणारी झोप, नानांच्या मरणापर्यंत. आणि या खेपेला ऐकलंच नाही असं म्हणायची सोय नाही. ‘ति…’ नाना म्हणाले, आणि दम लागून थांबले, छाती वरखाली होत होती, डोळे मात्र त्याच्या डोळ्यांना धरून होते, आशेने, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आशेने. आणि आयुष्यभर ज्याला त्यांचं थांबणं सोसलं नाही तो अंबरीश आता गुडघ्यावर मुठी आवळून, अगदी मनापासून, विनवू लागला, थका ना, नाना. आता पुढे नका जाऊ. इथेच थांबा.